नदीकाठची दाढ



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी मुलांना भूगोल शिकवायला वर्गातून उठवून थेट नदीवर नेत, असं संयोजकांनी सांगितलं. मग विषय निवडायला वेळ लागला नाही. प्रवरा, घोड, भीमा, गोदावरी, यांतली कुठलीही नदी घ्या. पावसाळा ओसरला की काठाची दरड कुठेतरी खचलेली असते आणि तिच्या पायथ्याशी, गोट्यांत, एखादा दात पडलेला असतो. कोणी गुराखी, कोणी वाळू काढणारा, कोणी शाळकरी पोर तो उचलतं आणि विचारतं, "हा कशाचा?" एवढ्या प्रश्नावरच मी आज बोलणार आहे.

विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयार असतं. त्याला वाघ हवा असतो. डायनोसॉर निघाला तर गावजेवणच. हातात मात्र बहुतेक वेळा बैलाची दाढ असते, आणि ते कळलं की माणूस हिरमुसतो. माझं मत नेमकं उलट आहे. हत्तीची अखंड दाढ कोणीही ओळखेल. नदीकाठच्या दातांत ओळखायला सगळ्यांत अवघड आणि ओळख पटल्यावर सगळ्यांत बोलकी जर कोणती असेल, तर ती बैलाची.

डायनोसॉर आधी निकालात काढू, म्हणजे पुढचं बोलणं सुखाचं होईल. आपल्या पायाखालचा काळा कातळ, दख्खनचा बसाल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांनी बनला. नद्यांनी त्याच्यावर आणून टाकलेली गोटवाळ आणि पिवळी-तपकिरी माती त्यामानाने कालची आहे. काही हजार ते काही लाख वर्षांची. तिच्यात डायनोसॉर सापडायचा नाही, आणि तापलेल्या लाव्ह्यात कोणाची हाडं टिकत नाहीत.

पण एक पोटकथा सांगण्यासारखी आहे. लाव्ह्याचे लोट एकामागून एक लगेच आले नाहीत. मधल्या काळात कातळावर तळी साचली, गाळ बसला, झाडंझुडं वाढली, आणि मग त्यावर पुढचा लोट पसरला. या मधल्या थरांचा नाद पहिल्यांदा ज्यांना लागला त्यांत नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप होते. नागपुरातलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराने फुगलेला ओढा ओलांडताना ते बुडाले. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, १९८८ मध्ये, गुंटुपल्ली प्रसाद आणि अशोक साहनी यांनी आजच्या तेलंगणातल्या नास्कलच्या अशाच मधल्या थरातून एका चिमुकल्या सस्तन प्राण्याचे दात जाहीर केले. डायनोसॉरांच्या शेवटच्या, क्रिटेशस काळातला भारतातला तो पहिलाच सस्तन प्राणी. त्याला नाव दिलं डेक्कनोलेस्टेस हिस्लोपी. दात एखाद-दोन मिलिमीटरचे. माती पाण्यात विरघळवून, बारीक चाळणीने चाळून, उरलेला चुरा सूक्ष्मदर्शकाखाली निवडायचा, तेव्हा ते दिसतात. तेव्हा काठावरून चालताना पायाला लागेल असं काही त्या काळातलं नाही.

आता आपल्या दाताकडे येऊ. मुळात दातच का सापडतात, हाडं का नाहीत? दातावरचं इनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. प्राण्याच्या शरीरात याहून कठीण काही नाही. हाड सच्छिद्र. कुत्री-तरस ते फोडतात, साळिंदर कुरतडतं, मुळं त्यात शिरतात, पाणी ते खातं. जबडा कुजून जातो, दाढा सुट्या होतात आणि गोट्यांबरोबर गडगडत राहतात. शिवाय इनॅमल एकदा तयार झालं की शरीर त्याला पुन्हा हात लावत नाही. हाड आयुष्यभर झिजतं-भरतं. दाताच्या मुकुटात मात्र तो घडला त्या दिवसांतलं अन्नपाणी जसंच्या तसं गोठून राहतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिला प्रश्न, दात सस्तन प्राण्याचाच आहे का. मगरीच्या तोंडात सगळे दात एका घडणीचे, सुळक्यासारखे, बुडाशी पोकळ, आणि पडले की नवे येत राहतात. सस्तन प्राण्याच्या तोंडात कामं वाटलेली असतात: पुढे पटाशीचे दात, मग सुळा, मग उपदाढा आणि दाढा. दाढेला दोन किंवा अधिक मुळं असतात. आयुष्यात दातांचे दोनच संच मिळतात, दुधाचा आणि कायमचा. हातातल्या तुकड्याच्या माथ्यावर उंचवटे, घड्या किंवा कोरी असतील आणि खाली मुळं फुटलेली असतील, तर तो सस्तन प्राण्याचा, हे जवळजवळ पक्कं.

त्यानंतर प्राण्याच्या नावाकडे धावू नका. तो काय खात होता ते आधी पाहा. मांसाहाऱ्याची दाढ चपटी, धारदार पात्याची, वरची-खालची कात्रीसारखी एकमेकींवर घासणारी. डुकराची, अस्वलाची, माणसाची दाढ बुटकी, गोल उंचवट्यांची, काहीही चालवून घेणारी. गवत चरणाऱ्याची दाढ उंच असते, कारण गवतात सिलिकाचे कण असतात, वर चरताना धूळ-माती तोंडात जाते, आणि दात सतत झिजतो. घोड्याची दाढ वर्षाला सुमारे दोन-तीन मिलिमीटर झिजते आणि तेवढीच हिरडीतून वर सरकते. कोवळ्या घोड्याची न झिजलेली दाढ म्हणजे सात-आठ सेंटिमीटरचा चौकोनी खांब. बाहेरून सिमेंटचं वेष्टण, आत इनॅमलच्या वळणदार घड्या. एकदा पाहिली की पुन्हा विसरत नाही.

हत्तीचं तर काही वेगळंच. एका जबड्याच्या एका बाजूला आयुष्यभरात सहा दाढा येतात, त्याही खालून वर नव्हे तर मागून पुढे सरकत. झिजलेली दाढ पुढच्या टोकाला तुकड्या-तुकड्याने गळते. भाकऱ्यांची चळत आडवी उभी करावी आणि मधल्या फटी सिमेंटने भराव्यात, अशी ती रचना. एकेक भाकरी म्हणजे इनॅमलचा पट्टा. आजच्या आशियाई हत्तीत हे पट्टे अरुंद आणि दाटीवाटीने, आफ्रिकी हत्तीत शंकरपाळीच्या आकाराचे आणि विरळ. नामशेष झालेल्या स्टेगोडॉनमध्ये ते बुटके, घराच्या छपरासारखे दोन्ही बाजूंना उतरते. नदीकाठी बहुधा अखंड दाढ मिळत नाही, एखाद-दुसरा सुटा पट्टा मिळतो, आणि लोक त्याला दगडी फळी समजून फेकून देतात. गोदावरीच्या गाळात हे असं होतं याला कागदी पुरावा आहे. नांदूर मध्यमेश्वरजवळ सापडलेल्या प्राचीन हत्तीच्या अवशेषांवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे गाय पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये लेख लिहिला. तो हत्ती आजच्या हत्तीहून बराच थोराड, पॅलिओलॉक्सोडॉन नामाडिकस. ज्या धरणाच्या फुगवट्यावर आपण आज थंडीत पक्षी पाहायला जातो, तोच तो टापू.

पाणघोडाही होता आपल्याकडे. मांजरेच्या खोऱ्यातून त्याचे अवशेष मिळालेत, नर्मदेतून तर भरपूर. त्याच्या दाढेचा झिजलेला माथा तीन पाकळ्यांच्या जोड्यांसारखा दिसतो. दुसऱ्या कुठल्याच प्राण्याशी गफलत होत नाही, म्हणून त्याच्यावर वेळ घालवत नाही.

आता बैल. गाय, म्हैस, नीलगाय, हरिण, शेळी, मेंढी या सगळ्या रवंथ करणाऱ्यांच्या दाढेच्या माथ्यावर चंद्रकोरी असतात, वरच्या दाढेत चार. म्हणजे "रवंथ करणारा" इथपर्यंत तर शाळेतला मुलगाही पोचतो. पुढचं खरं काम. दाढेच्या दोन खणांच्या मधे, बाहेर किंवा आत, एक बारीक खांब उभा आहे का ते पाहा. वरच्या दाढेत तो जिभेच्या बाजूला असतो, खालच्या दाढेत गालाच्या. शेळी-मेंढीत आणि काळविटात तो नसतो. हरणांत असला तर बुटका, बुडाशी. गाई-बैलात मात्र तो उंच, जवळजवळ माथ्यापर्यंत गेलेला, त्यामुळे दाढ थोडी झिजली की तो माथ्यावर एक छोटं कडं होऊन दिसू लागतो. म्हशीतही तो असतो, नीलगाईतही. इथे तज्ज्ञसुद्धा भिंग काढतात. इनॅमलचा खडबडीतपणा, कोरींची टोकं, खांबाची जाडी, मापं, असं सगळं मिळून कौल द्यावा लागतो, आणि एक सुटी दाढ पाहून छातीठोक बोलणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

दुसरी फसगत खालच्या शेवटच्या दाढेची. तिला दोन मोठ्या खणांमागे तिसरा, लहान खण असतो. पण वासराच्या दुधाच्या शेवटच्या उपदाढेलाही तीन खण असतात. फरक एवढाच की तिथे तिन्ही जवळपास सारखे, आणि दाढ बारीक, इनॅमल पातळ. हे माहीत नसलं की वासराची दाढ हातात धरून माणूस एखादं अनोळखी हरिण शोधत बसतो.

ही गुंतागुंत इथेच संपत नाही. समजा, बैल हे पक्कं झालं. पण कुठला बैल? हिमयुगात आपल्या नद्यांच्या काठांवर रानबैल चरत होता. नर्मदेच्या खोऱ्यातल्या अवशेषांवरून ह्यू फॉल्कनर यांनी त्याला बॉस नामाडिकस नाव दिलं. आजचे खिलार, डांगी, देवणी हे वशिंडाचे बैल त्याच वंशातले. रानबैल अंगाने मोठा, दाढही मोठी. पण मोठ्या खिलाराची आणि लहानशा रानगाईची दाढ मापात एकमेकांत मिसळतात. एकटी दाढ इथे गप्प बसते.

बाजारात बैल घेणाऱ्याला हे सगळं हास्यास्पद वाटेल. तो ओठ वर करून क्षणात सांगतो: अदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला. गाई-बैलाला वरचे पटाशीचे दात नसतातच. खालचे आठ असतात, आणि दुधाचे पडून कायमचे जोडीजोडीने येतात. पहिली जोडी साधारण दोन वर्षांच्या सुमारास, आठही साधारण चार-साडेचार वर्षांत. यात चूक काढायला जागा नाही. पण नदी आपल्याला हे पुढचे दात क्वचितच देते. ते बारीक, एका मुळाचे, लवकर हरवतात. मागच्या दाढा उरतात. म्हणून आपल्याला वय वाचावं लागतं ते दाढेच्या उंचीवरून. मुकुट किती शिल्लक आहे, चंद्रकोरी एकमेकींत मिसळल्या आहेत का, मधली खाच संपत आली आहे का.

याच्यावर किती इमारत उभी राहते, त्यासाठी फार लांब जायला नको. शिरूर तालुक्यात घोडच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या नावांशी हे काम जोडलेलं आहे. इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातलं शेतकरी गाव. तिथल्या कचऱ्यात गुरांची हाडं-दात ढिगाने. कोवळ्या वयातले दात जास्त असतील तर गुरं मांसासाठी पाळली जात होती, झिजलेले जास्त असतील तर कामासाठी, असा तर्क या दातांवरूनच करता येतो. म्हणजे त्या गावात नांगर होता का, गाडी होती का, दूध होतं का, हे सांगायला बैलाच्या दाढेइतका दुसरा साक्षीदार नाही. हत्तीची दाढ इथे काय करणार?

झीज वाचताना किती सांभाळावं लागतं, याचा एक जागतिक दाखला आहे. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात स्नेक क्रीक नावाच्या ओढ्याच्या परिसरात गुरं पाळणाऱ्या, भूशास्त्राचा नाद असलेल्या हॅरॉल्ड कुक यांनी एक झिजलेली दाढ वेचली. १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाचे अध्यक्ष हेन्री फेअरफील्ड ऑस्बॉर्न यांनी ती मानवसदृश वानराची ठरवली, हेस्पेरोपिथेकस असं नाव दिलं. लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकाने त्या एका दाढेवरून सबंध नर-मादीचं चित्रसुद्धा छापलं. पुढे त्या जागी पुन्हा खोदकाम झालं आणि १९२७ मध्ये जाहीर करावं लागलं की दाढ पेकरी या डुकरासारख्या प्राण्याची होती. डुकराची आणि माणसाची दाढ दोन्ही गोल उंचवट्यांच्या, आणि झीज झाली की उंचवटेच पुसले जातात. शहाण्या माणसाचा मोह किती मोठा असतो, ते एवढ्यावरून दिसतं. त्याला बैल नको होता.

याच्या उलट आपली गोष्ट. ५ डिसेंबर १९८२ रोजी नर्मदेच्या उत्तर काठावर, होशंगाबादजवळ हथनोरा इथे, अरुण सोनकिया यांना आदिमानवाच्या कवटीचा वरचा भाग सापडला. भारतातला आजवरचा सर्वांत गाजलेला मानवी अवशेष. जवळपास हत्ती, स्टेगोडॉन, रानबैल यांचे अवशेष होते, त्या कवटीच्या मालकाचा मात्र एकही दात नाही. होमो इरेक्टस की त्याच्या पुढची कोणी जात, यावरचा वाद अजून चालू आहे. एक दाढ मिळाली असती तर, असं मला दरवेळी वाटतं, आणि मग नेब्रास्का आठवतं.

मघाशी गोठलेल्या अन्नपाण्याबद्दल बोललो, ते आता. ज्वारी, बाजरी, आपल्या माळावरचं कुसळी गवत हे एका पद्धतीने कार्बन वापरतात, झाडपाला आणि झुडपं दुसऱ्या. त्याचा ठसा इनॅमलमधल्या कार्बनच्या प्रकारांत उमटतो. त्यामुळे जनावर माळावर चरत होतं की जंगलात पाला खात होतं, हे प्रयोगशाळेत कळतं. आणखी एक गंमत. बैलाची उंच दाढ एकदम तयार होत नाही, माथ्यापासून मुळाकडे सावकाश, काही महिने घेत घडते. पावसाळ्याचं पाणी आणि उन्हाळ्याचं आटलेलं पाणी यांतल्या ऑक्सिजनमध्ये फरक असतो. म्हणून दाढेच्या उंचीवर वरून खाली बारीक पट्ट्यांत इनॅमल खरवडून घेतलं, तर त्यात पावसाळा आणि उन्हाळा पाळीपाळीने वाचता येतात. तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका वासराच्या आयुष्यातला पहिला पावसाळा! बसाल्टवर वाढलेलं जनावर आणि दूरच्या वेगळ्या खडकावरून आणलेलं जनावर, हा फरकही स्ट्रॉन्शियममधून पकडता येतो. हे सगळं ज्या दाताला आपण "फक्त बैलाचा" म्हणतो त्याच्यावर.

मात्र एक अट आहे, आणि तिच्यावाचून सगळं व्यर्थ. दात कुठल्या थरातला, हे कळलं पाहिजे. घोड्याचं उदाहरण देतो. प्रवरेच्या काठी घोड्याची दाढ सापडली. हिमयुगात इथे रानघोडा होता, पुढे तो नाहीसा झाला. नंतर पाळीव घोडा आला, मग मराठ्यांची फौज आली. पालखेडला १७२८ मध्ये बाजीरावाने निजामाला पाणी तोडून कोंडलं, तेही याच गोदाखोऱ्यात. मग ती दाढ रानघोड्याची की कुणा शिलेदाराच्या घोडीची? नुसती दाढ पाहून खात्रीने सांगणं कठीण. चुनखडीच्या गाठी असलेल्या जुन्या गोटवाळीत ती घट्ट चिकटलेली होती, तर गोष्ट वेगळी. नदीपात्रात सुटी पडलेली होती, तर तिला कोणी विचारत नाही.

रंगावर जाऊ नका. काळा दात जुना असतोच असं नाही, नदीचं पाणी आणि मँगनीज दोन-चारशे वर्षांच्या हाडालाही काळं करतं. वजन बरं गमक आहे, कारण खनिज भरलेला दात जड लागतो, पण तेही पुरेसं नाही. जिभेला हाड चिकटतं का पाहण्याची जुनी पद्धत आहे, ती मी सुचवणार नाही, नदीकाठी काय काय असतं तुम्हाला माहीत आहे.

कुकडीच्या काठी जुन्नर तालुक्यात बोरी गावाजवळ ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला, आणि त्याच्याजवळ दगडी हत्यारं. ती राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची, की त्याहून कितीतरी जुनी, यावर तज्ज्ञांत वर्षानुवर्षं वाद झाले. राखेसारख्या थराची ही अवस्था, तर पात्रातल्या सुट्या दाताचं वय कोण सांगणार? सांकलियांनी नेवाशाला प्रवरेच्या गोटवाळीत जे केलं ते हेच. १९५४ पासून तिथे थर वाचून दगडी हत्यारांची क्रमवारी लावली, इतकी की मधल्या अश्मयुगातल्या हत्यारांना काही काळ नेवाशाच्याच नावाने ओळखलं गेलं.

आणि वाळूउपशाबद्दल बोलल्याशिवाय इथून जाता येणार नाही. पोकलेन आणि सक्शन पंप लावून रात्रीतून पात्र उलटंपालटं होतं. पाण्याची पातळी खाली जाते, बंधारे खचतात, हे तुम्ही भोगता आहात. त्यात हे एक भर घाला की काही हजार वर्षांचे थर एका डंपरमध्ये मिसळतात, आणि चाळणीवर उरलेला दात बांधकामावरच्या मुकादमाच्या खिडकीत जातो. तो दात कायमचा मुका. मला याचा येतो तितका राग दुसऱ्या कशाचा येत नाही.

शेवटी, थोडं कामाचं. दात दिसला की लगेच उपटू नका. तो दरडीत असेल तर आधी फोटो काढा, शेजारी पेन किंवा नाणं ठेवून. मोबाइलवर जागेची नोंद करा. काठापासून किती उंचीवर, कुठल्या मातीत, वरचा थर कसला, हे दोन ओळींत लिहा. ओला दात उन्हात वाळवू नका, तडकतो, सावलीत कागदात गुंडाळून ठेवा. आम्लात बुडवून चुनखडी काढायचा उद्योग करू नका, इनॅमलही त्यात जातं. वार्निश नको. वाघ-बिबट्याचा सुळा किंवा हस्तिदंत ताजा वाटला तर जवळ ठेवू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अडचणीत याल. वनखात्याला कळवा. बाकीच्यांसाठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राण्यांच्या हाडादातांचा तुलनेसाठी संग्रह आहे. तुमची दाढ तिथल्या गाई, म्हशी, नीलगाईच्या दाढांशेजारी ठेवून पाहिली जाते. पुस्तकच हवं असेल तर जी. एल. बदाम यांचं भारतातल्या प्लाइस्टोसीन प्राण्यांवरचं १९७९ चं इंग्रजी पुस्तक आजही उपयोगी आहे.

मला समोरच्या रांगेत काही जणांच्या हातात पिशव्या दिसताहेत. अध्यक्षांच्या परवानगीने टेबल पुढे घेऊ आणि तो दिवा इकडे वळवू. एकेकाने या. फक्त एक विनंती: पिशवी उघडण्याआधी दात कुठून आणला ते सांगा.